इतर शेरे

रविवारी सकाळी नऊपर्यंत काय ते काम.
नंतर विडी घरकुलातल्या शाळेचा पत्रा तापतो
आणि तक्त्यावरची अक्षरं
नजर चांगली असणाऱ्यालाही हलताना दिसतात.

माझ्याकडे तक्ता, दोरी आणि लाकडी पट्टी.
तक्त्यावर नुसते इंग्रजी ई,
उताणे, पालथे, डावे, उजवे,
शाळा न पाहिलेल्या बायांसाठी.
पाय कुठल्या बाजूला, मी विचारलं.
नरसम्मा कोडम म्हणाली, कसले पाय? ही तर दुव्वेना.
मागून कुणी म्हणालं बाचणिगे, शकेराबी म्हणाली कंघी,
मी वहीत लिहिलं फणी.
तेव्हापासून विचारतो, दात कुठं?

जवळचं दिसतं का, ते तक्ता सांगत नाही.
त्यासाठी सुई आणि विडीचा लाल दोरा.
ओवला गेला की बाई हसत नाही,
आधी सुई उजेडाकडे धरून खात्री करते.

चष्मे साखर पेठेतले, पैसे डेन्मार्कचे.
तिकडच्या एका गावात अकरा माणसं आहेत,
गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही.
एक निवृत्त दंतवैद्य, एक पाववाला,
आणि इंगर, जी शनिवारी बाजारात मुरंबा विकते.
एका बरणीत दोन चष्मे निघतात.

मी एकतीस वर्षं विमा कचेरीत
लोकांच्या मरणाचे फॉर्म तपासले.
सही जुळते का, तारीख जुळते का.
आता इंगरचा फॉर्म भरतो.
प्रश्न सातवा:
चष्म्यामुळे आयुष्यात किती फरक पडला? एक ते पाच.

नरसम्मा उंबऱ्यात बसून पान कातरत होती.
पाच म्हणजे किती?
पुष्कळ, मी म्हटलं.
पुष्कळ काय?
मला सांगता येईना.
मग तिनं कात्री सुपात ठेवली.
हजारातल्या साठ-सत्तर रोज छाटात जायच्या, म्हणाली.
चेकर म्हणायचा, अम्मा, डोळे गेले तुझे, दोरा ढिला.
मी म्हणायची, असेल बाबा.
परवा चष्मा लावून त्याच्या पाटीत वाकून बघितलं.
माझ्या विड्या चांगल्या होत्या.
आधीच्याही चांगल्याच असतील काय की.
एकोणीस वर्षं झाली.
ह्याला कितवा आकडा घालतोस?

इतर शेरे, या चौकटीत तीन ओळी मावतात.
मी मागच्या पानावर गेलो.

पंधरा दिवसांनी इंगरनं विचारलं,
छाट हा डोळ्यांचा रोग आहे का?
होय, लिहिलं. खोडलं.
मग सूप, फर्मा, दोरा, पाटी,
चेकरची बोटं, न मिळालेले पैसे,
सगळं पहिल्यापासून लिहीत बसलो.
बायको दोनदा म्हणाली, जेवून घ्या की ओ.

ब्रँचमध्ये आता म्हणे
माल देताना चष्मा काढायला सांगतात.
गेल्या सोमवारी सतराजणी लावूनच उभ्या राहिल्या.
पुढचं मला अजून कळलेलं नाही.

तुला किती देतात, नरसम्मानं एकदा विचारलं.
काही नाही.
त्या मुरंब्याच्या बाईला?
तिलाही नाही.
तिनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं,
वेडा की लबाड, ते ठरवत असल्यासारखं,
आत गेली, आणि कागदात बांधून
पाव किलो शेंगाचटणी घेऊन आली.
अर्धी तुला, अर्धी तिला.

कुरिअरवाल्यानं वजन केलं, देश विचारला
आणि आकडा सांगितला: अठरा चष्मे.
पुडी तशीच सायकलला लावून परत आणली.

चटणी आम्ही दोघांनी कडक भाकरीबरोबर संपवली,
इंगरच्या वाट्याचीही.
अहवालात तसं कळवलं आहे.
तिखट होती, हेही.