चादर नसलेली घडी

दिव्यांच्या पटाशी मी. सत्तेचाळीस खुणा,
आणि कानात बेट्टिना, आमची स्टेज मॅनेजर,
आकडे कुजबुजणारी.
खाली काळ्या जमिनीवर पांढऱ्या पट्टीच्या फुल्या:
इथे उभं राहायचं, इथून सुटायचं.

बाहेर एप्रिल. म्हणजे इथे अजून बर्फच,
सुपीरियर सरोवराच्या काठाला करडी साय,
नाट्यगृहाच्या दाराशी बुटांचं वितळलेलं पाणी.

पहिले तीन नाच ठीकच.
एक हवामानावर, एक आरशावर,
एक कशावर ते नाचणाऱ्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं,
पण पोरं उड्या अशी मारत होती
की गुरुत्वाकर्षण ऐच्छिक विषय असावा.

चौथा आयला कांगासचा.
तिची आई इस्पितळाच्या लाँड्रीत, रात्रपाळीला.
हिवाळाभर आयला तिथे वही घेऊन बसली
आणि टिपून आणलं काय, तर
दोन बायका चादरीची घडी कशी घालतात.
टोकं धरायची, ताणायची, एक झटका,
चालत समोर यायचं,
तुझी टोकं माझ्या हातात,
वाकून खालची दुमड उचलायची, पुन्हा मागे.
सहा जणी, तीन जोड्या.
चादर एकही नाही.

मंगळवारी तालमीत मारेनचा घोटा गेला.
कट् आवाज मला वरपर्यंत आला.
प्राध्यापिका म्हणाल्या, ती जोडीच काढ, दोन पुरेत.
आयला नख कुरतडत राहिली.
मग म्हणाली, जिमेना एकटीच करेल.
आणि मान वर करून मला:
मारेनच्या जागेवरचा दिवा
विझवू नकोस.

आज शनिवार. विझवलेला नाही.
जिमेना टोकं पुढे करते.
तिकडून कोणी घेत नाही.
ती थांबते, बरोबर तेवढीच
जेवढा वेळ दुसरीला लागला असता,
आणि रिकामे हात घेऊन मागे सरते.
उजेडात धूळ फिरते आहे.
कोणीतरी खोकायचं राहून गेलं.

तिसऱ्या रांगेत मारेन, पायाला पट्टे,
खुर्चीतल्या खुर्चीत खांद्यांनी मोजणारी.
एकदा ती जरा लवकर वळली
आणि तिथे, मंचावर, जिमेनाही लवकर वळली.
हे मी पाहिलं. बेट्टिनाने नाही, ती आकड्यांत होती.
पुढची खूण मी अर्धा सेकंद उशिरा दिली.
तशी नोंद झाली आहे.

नंतर लॉबीत कागदी कपांतून सफरचंदाचा रस.
आयलाची आई गणवेशातच, अकराला पाळी,
हातातल्या फुलांना किमतीची चिठ्ठी तशीच.
लोक म्हणत होते: विरह. स्मृती.
एक काका तर म्हणाले: युद्ध.
आई म्हणाली, दुमड उलटी घेतलीस गं,
शिवण आत जायला हवी.
मग, रस संपवून:
ती एकटी मुलगी मात्र बरोबर.
केर्तूने नोकरी सोडली त्या महिन्यात
मी तशीच घालायचे घड्या.
नंतर भिंतीत हुक मारून घेतला.
तिला एक हुक द्यायचास.

साडेअकराला आम्ही जमीन गुंडाळली.
मारेनची फुली सुटेना, नखाने सोलावी लागली.
मागचा पडदा खाली उतरला, जड, काळा,
आयलाने त्याची दोन टोकं उचलली
आणि माझ्याकडे पाहिलं.

मी आयुष्यात कधी नाचलेलो नाही.
कुठली बाजू आत, मी विचारलं.