प्रतिवादीशी नाते

फिक्सबर्गचं कोर्ट, खोली क्रमांक सहा.
पहाटे पाचला निघाले तरी माझ्यापुढे अकरा बायका,
जून महिना, नळातलं पाणी गोठलेलं,
प्रत्येकीच्या अंगावर घोंगडी
आणि दारावर चिकटवलेला कागद: रोज फक्त वीस अर्ज.

माझं तर पाच वर्षांचं भिजत घोंगडं.

जांभळ्या नखांची कारकून पोरगी. "नाव?"
मात्शिदिसो, म्हटलं,
आणि माझं मलाच ते परक्या बाईचं वाटलं.
आमच्यात बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात.
चर्चमध्ये, टॅक्सीच्या रांगेत, चेरीच्या मळ्यात
मी मामोलेफी. मोलेफीची आई.

"कुणाविरुद्ध?"
मोलेफी.
"नवरा?"
मुलगा.
पेन थांबलं.
"न्खोनो, इथे नातं लिहावं लागतं."
मग लिही की.
पोर त्याची आहे, सात वर्षांची, मोसा.
तिची आई ब्लूमफाँटेनला कामाला गेली ती गेलीच,
आणि हा रुस्टेनबर्गला, प्लॅटिनमच्या खाणीत,
जमिनीखाली, जिथे फोन लागत नाही
असं तो म्हणतो.

आता खर्च.
मक्याचं पीठ, साडेबारा किलो. त्यातलं मी कमी खाते.
शाळेचे बूट: यंदाचे मोठेच घेतलेत,
पुढे वर्तमानपत्र कोंबते, ते फुकट मिळतं.
साबणाची वडी एक, पण अर्धी माझी,
तेव्हा अर्धीच लिही.
दिवा एकच, मी शिवते, ती वाचते,
उजेडाचे वाटे कसे पाडू, ते तूच सांग.
"सगळा लिहिते," पोरगी म्हणाली. वर बघितलं नाही तिने.

थोरला गोवराने गेला, त्यानंतर हा.
सासऱ्यांनी नाव ठेवलं मोलेफी,
म्हणजे भरपाई करणारा.
ओला होता अजून, नाळही पडली नव्हती,
आणि आम्ही त्याच्या नावावर देणं चढवून मोकळे झालो.
हे मात्र मी अर्जात लिहिलं नाही.
तेवढा रकाना नव्हता.

तारखेला तो आला, रात्रीच्या टॅक्सीने.
बाकावर बसला, आमच्यामध्ये
एका माणसाची जागा सोडून.
कानामागे पांढरे केस. कधी आले?
"मे, एक फोन करायचास."
केला. एकोणचाळीस वेळा.
त्याने बुटांकडे बघितलं.

मॅजिस्ट्रेट बाई चष्म्यावरून म्हणाल्या,
इथे आई नाही, अर्जदार म्हणून बोला.
बोलले.
त्याला मी प्रतिवादी म्हणाले, तीनदा,
आणि तो ऐकत राहिला
दूध सांडल्यावर ऐकायचा तसा,
खालचा ओठ आत घेऊन.
माझ्या पोटचा, आणि पोटगी मागणारी मीच.
दरमहा अकराशे पन्नास रँड, थेट पगारातून कापून.
शिक्का बसला तेव्हा टेबल हललं.

बाहेर उन्हात त्याने खिसे चाचपले,
आधी उजवा, मग डावा, परत उजवा.
मी विचारलं नाही. दोनशेची नोट काढली.
"उसने," म्हटलं,
आणि कोर्टाच्या कागदाच्या पाठीवर
त्याच्यादेखत लिहून ठेवलं, तारखेसकट.
तो हसला. पहिल्यांदा.
"मोसाला कितीचे बूट लागतात?"
तेहेतीस. पुढच्या वर्षी विचारशील तेव्हा पस्तीस.

टॅक्सी निघाली. मी घोंगडी सारखी केली.
रस्त्यापलीकडून माझ्या गल्लीतली
कोबी विकणारी ओरडली:
"मामोलेफी! झालं का काम?"

आणि मी,
हातात त्याच्याविरुद्धचा हुकूम घेऊन,
त्याच नावाला ओ दिली.