लाल राहिलेली नळी

बाप माडावर चढायचा.
पोयीला धार द्यायची, मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं,
आणि उन्हं कवाडाशी येईस्तोवर आतली गोडी आंबून गेलेली.
मिशीवरचा फेस पुसत म्हणायचा,
"गोड कायच रवना नाय गो."

मीही साखरच घालते, नळीत.
वेंगुर्ल्यातली दीड खोलीची लॅब,
खिडकीतून मासळीबाजार येतो, पंख्याने जात नाही.
तारेच्या टोकावर जंतू, तळापर्यंत एक टोच,
उतारावर एक नागमोडी रेघ.
आंबवणारे रात्रीत नळी पिवळी करतात,
एखादा तर बुडबुड्यांनी अख्खं जेल वर उचलतो.
त्यांचं मला समजतं. घरचेच ते.

ही नळी लाल.
काल लाल, आज लाल.
पुढ्यात साखर, आणि साधं आंबटसुद्धा केलेलं नाही.

रक्त सगुणा राऊळ यांचं. एक्कावन्न, मठच्या.
साखर (त्यांची) तीनशे दहा.
चार महिने टीबीच्या गोळ्या, बेडका कधीच पॉझिटिव्ह नाही.
टाचांना भेगा, एक रुपया उभा राहील एवढ्या,
त्याच घेऊन लावणीच्या चिखलात.

सोपं होतं, "नमुना दूषित" लिहिणं.
पेनाचं टोपणही काढलं होतं.
मग प्लेट तशीच ठेवली, शनिवार, रविवार.
सोमवारी वसाहती सुरकुतलेल्या,
उन्हात विसरलेल्या आमसुलांसारख्या.
जेंटामायसिनच्या चकतीला अगदी खेटून वाढलेल्या,
जणू ती तिथे नाहीच.
झाकण उघडून वास घेणार होते. नाही घेतला.
प्लेटला टेप लावली, हात कोपरापर्यंत धुतले,
आणि डॉक्टर लोबोंना फोन केला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "गोव्याला पाठव. आज. बर्फात नको."

नाव आलं आठवड्याने, लांबलचक.
तोवर शिरेतून औषध सुरू झालं होतं,
ताप बाराव्या दिवशी हलला.
पुढे गोळ्या, तीन महिने तरी.

काल त्या स्वतः आल्या रिपोर्ट न्यायला,
चप्पल दाराबाहेर काढून.
मी सांगितलं: मातीत असतो, साचलेल्या पाण्यात,
भेगेतून शिरतो, आत गप्प बसतो.
"म्हंजे आमच्याच कुणग्यातलो?"
मी मान हलवली.
त्यांनी फरशीवरच्या आपल्या पावलांकडे पाहिलं.
"मगे आता पाय खंय ठेवू?"

गमबूट सांगितले मी. साडेचारशेला मिळतात.
त्या हसल्या.