डावी बाजू

चौदा उन्हाळे काढले त्या कूलरने.
पंधराव्याला तळ गळला.
भंगारवाला म्हणाला, दोनशे वीस,
मोटर काढून घेतली तर दीडशे.
मी अजनीच्या शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करतो,
गंज कुठवर गेलाय ते मला बोटानं कळतं.
म्हटलं, उचल.
मित्रा टाकीत जाऊन बसली,
मांडी घालून, दप्तरासकट.

त्याच आठवड्यात तिचा रिपोर्ट आला होता.
हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पालेभाजी खाते का?
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून राहिलो.
पोह्यातला सांबारसुद्धा ती वेचून काढते,
ताटाच्या काठाला रांगेत लावते
हजेरी घेतल्यासारखा.
आणि रात्रपाळीवरून येताना
चिप्सचं पाकीट आणणारा मीच.

भोकं पाडायची गरज नव्हती,
गंजानं ती आधीच पाडून ठेवली होती.
खाली विटांचे तुकडे. वर कुहीची काळी माती,
मावसभावानं दुचाकीवरून आणलेली दोन पोती.
एकाचं तोंड उमरेड रोडवर सुटलं,
म्हणजे दीडच.
निमजेकाकू म्हणाल्या, संत्र्याची सालं जास्त टाकू नका,
गांडुळं पळतात.
नागपूरची गांडुळं, अन् त्यांना संत्रं नको!
मित्रा हसली.
रिपोर्टनंतर पहिल्यांदा.

धणे तिनं चपलेखाली रगडले.
मेथी रात्रभर माझ्या डब्याच्या झाकणात भिजली.
पुण्याची आत्या फोनवर म्हणाली,
सांबार पेरला? मग इडली कधी उगवणार?

चौथ्या दिवशी मेथी वर आली,
डोक्यावर टरफल तसंच,
टोपी काढायला विसरलेल्या पोरांसारखी.
मग रोज सकाळी मोजणी.
खाली शाळेची व्हॅन हॉर्न देऊन राहिली,
वरून गच्चीतून आवाज:
"थांबा ना काका, एकशे बासष्ट झाली!"

तिसाव्या दिवशी सुकेशनी कात्री घेऊन वर आली.
मित्रा टाकीसमोर आडवी.
"नाही कापायची."
"अगं, तुझ्यासाठीच तर लावली."
"मी नाही खाणार. ती माझी आहे."
आधी आवडत नाही म्हणून खात नव्हती,
आता आवडते म्हणून.
यावर डॉक्टरीणबाईंकडेही गोळी नसावी.

सुकेशनी वाद घालत बसली नाही.
कात्री बाजूला ठेवली,
एक पान खुडलं, तोंडात टाकलं,
आणि समोरच्या इमारतीकडे पाहत
चघळत राहिली.
बऱ्याच वेळानं मित्रानं एक खुडलं.
भुवया वर, नाक खाली, डोळे गच्च.
"कडू आहे," ती म्हणाली,
आणि दुसरं खुडलं.

तहात असं ठरलं:
अर्धीच कापायची.
डावी बाजू तिची.
त्या रात्री वरणात मेथी होती, भाकरीत मेथी होती,
आणि ताटाच्या काठावर
कोणाचीच हजेरी नव्हती.

डावी बाजू वाढत गेली, गुडघ्याला लागली,
फुलली, पांढरट, बारीक.
फेब्रुवारीच्या शेवटी शेंगा वाळल्या,
बोकडाच्या शिंगांसारख्या बाकदार.
मित्रानं वर्तमानपत्रावर त्या ठोकल्या
माझ्या लाकडी हातोडीनं.

आता एप्रिल. पारा बेचाळीस.
खिडकीत कूलरच्या जागी चौकोनी भोक,
त्यावर पुठ्ठा,
नव्याचे हप्ते अजून जुळत नाहीत.
रिपोर्ट दहा पूर्णांक चार.
गोळ्या चालू आहेत, म्हणून
सगळं श्रेय मी मेथीला देत नाही.
ताटाच्या काठावर पुन्हा रांग लागते,
हल्ली शिमला मिरचीची.
वर टाकीतली माती ओल्या पोत्याखाली झोपलीय,
खाली फळीवर, खोकल्याच्या औषधाच्या
धुतलेल्या बाटलीत, पिवळे दाणे.
बाटलीवर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात:
डावी बाजू. खाऊ नये.