पाठिंबा

बिंदू चौकामागं, युनियनच्या खोलीत
शिंगटे वाचत होते जाहीरनामे.
तिघांचंही तेच : घरकामगारांना पेन्शन, सन्मान.

मालन म्हणाली, पहिल्याची भांडी मी घासते.
दिवाळीला बोनस मागितला,
तर फुटक्या कपाचे चाळीस कापून दिला.

दुसऱ्याच्या, ताराबाई पार्कातल्या बंगल्यात
रुक्सानाचा पेला वेगळा, खिडकीत पालथा.
ती बोलली नाही. पदराचं टोक पिळत राहिली.

तिसऱ्याकडं कोण जातं कामाला?
मागून आनंदी चौगुले :
कुणीच न्हाई. त्याची आई घासती.

शिंगटेंनी घाईनं पेनाचं टोपण काढलं.

आई का? मालन म्हणाली. त्यो का न्हाई?

टोपण परत लागलं.
साडेपाच वाजले होते, लेटरहेड कोरं,
आणि सगळ्या चपला शोधत उठल्या
संध्याकाळच्या भांड्यांकडं.