ळ

जानेवारीत आली. पाठीवर तिच्याहून मोठी सॅक,
गळ्यात संस्थेचं कार्ड, त्यावर मारिट असं काहीतरी.
मुलांनी दुपारपर्यंत तिची मिरी केली.
नाव विचारायच्या आधी सुमेधने विचारलं,
तू किती दिवस?
मी भाषांतर करायला कचरले.
तिला वाटलं, वय विचारतोय. म्हणाली, ट्वेंटी टू.
बावीस दिवस, सुमेधने सगळ्यांना सांगितलं.
मागची तीस होती.

मानखुर्दच्या ट्रान्झिट इमारतीत, तळमजल्याला,
जिथे मीटरची खोली व्हायची होती
तिथे आमची बालवाडी.
भिंतीवर निळे मासे, एका फ्रेंच मुलाने रंगवलेले.
शेवटच्या माशाला शेपूट नाही,
त्याचं विमान होतं.

मिरीला ळ यायचा नाही.
केळं म्हणायला जायची आणि केलं म्हणायची.
मुलं ओरडायची, काय केलं? काय केलं?
मग अकीला, घरी उर्दू, जिला ळ इथेच आला
आणि जोडाक्षरं अजून येत नाहीत,
उलट्या बादलीवर चढली,
मिरीची हनुवटी धरून आ करायला लावलं.
जीभ अशी. मागे वळव. टाळूला लाव. आता सोड.
सोड ना!
दहापैकी तीन दिले, लाल खडूने, तळहातावर.
आयुष्यात पहिल्यांदा अकीला कोणाला तरी नापास करत होती,
आणि किती मायेने.

ळ ने कुठला शब्द सुरू होतो, मिरीने विचारलं.
मी तक्त्याकडे पाहिलं. तिथे बाळाचं चित्र.
कुठलाच नाही, म्हटलं. बाळातसुद्धा तो शेवटी.
त्याला रोज उशीर होतो, सुमेध म्हणाला.

एका संध्याकाळी खिचडीचं पातेलं घासताना
तिने माझा पगार विचारला.
पगार नाही, मानधन, मी म्हटलं, आणि आकडा सांगितला.
ओल्या हातांनी ती फोनवर हिशेब करत बसली.
माझं तिकीट म्हणजे तुझे चौदा महिने,
म्हणाली, आणि रडायला लागली.
आता माझ्या मानधनासाठी
तिची समजूत मीच काढायची!
चहा टाकला. आलं जरा जास्तच ठेचलं.
राग आला होता, खोटं कशाला बोलू.
पण कप तिने विसळला आणि पालथा घातला,
फळीच्या डाव्या कोपऱ्यात, फडक्यावर,
जिथे मी घालते तिथेच.
एवढं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मुलं रडली नाहीत. सराव आहे.
पोन्नीने हळूच सॅकमध्ये अर्धा खोडरबर टाकला,
सुमेधने उसनी दिलेली पेन्सिल मागून घेतली.
मी परत येईन, ती मराठीत म्हणाली, घोकून आलेली.
अकीला म्हणाली, हे नको. हे सगळे म्हणतात.
मी भाषांतर केलं.
या वेळी सगळं, काहीही न गाळता.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, कळलं.
नीट नव्हताच. अर्धा ल, अर्धा ड.
अकीलाने चार दिले.

सोमवारी कुलूप काढलं. खाडीकडून जळका वास येत होता.
दुपारी नवा मुलगा, अफरोज, दरभंग्याचा,
शाळा म्हणताना अडकला.
अकीलाने बादली उलटी केली, हनुवटी धरली.
ट्राय अगेन, म्हणाली,
हुबेहूब मिरीच्या नाकातल्या आवाजात.
मागे उभी राहून मीही जीभ वळवली,
टाळूला लावून पाहिली.
बेचाळीस वर्षं बोलतेय,
ती कुठे जाते याकडे लक्षच नव्हतं.

अकरा वर्षं झाली मला इथे.
तू किती दिवस, हे मला कोणी विचारलेलं नाही अजून.
जूनमध्ये दोघं येणारेत, कोरियाचे.
त्याआधी त्या माशाचं शेपूट तेवढं
रंगवून टाकावं म्हणते.
निळा कुठे मिळतो तो, बघायला हवं.