बुडालेल्या गावाची बिशप

राजाने राणीशी आणि रोमशी
काडीमोड घेतला, त्यानंतर लवकरच
लंडनच्या कुण्या कारकुनाने यादीत एक नाव घातलं:
एल्डरहाइथ.
तेव्हा तिथं हेरिंगचा बाजार भरायचा, तीन चर्चं होती,
आणि समुद्र अजून दोन शेतं लांब होता.

पहिला सहायक बिशप टोबायस फेन.
मोठ्या बिशपला संधिवात, म्हणून हा घोड्यावर,
चिखलातून गावोगाव
पोरांच्या डोक्यावर हात ठेवत हिंडायचा.
वर्षाला तीस पौंड. शिवाय खाडीतली वाम, घावली तर.
तो गेल्यावर दुसरा नेमायचं राहून गेलं.
राहून गेलं म्हणजे
दोनशे ऐंशी वर्षं.

तेवढ्यात समुद्र आला.
आधी बाजार घेतला, मग सेंट बोटॉल्फचा मनोरा,
मग एका रात्रीत कबरस्तानाचा अर्धा उतार.
उसवल्या गादीतून कापूस यावा
तशी कड्यातून हाडं बाहेर आली.
कायद्याच्या पुस्तकात गाव मात्र जसंच्या तसं.
कायद्याला ओल लागत नाही.

पुढे आगगाडी आली, गिरण्या आल्या, एक बिशप पुरेना.
नवी पदवी काढायची तर पार्लमेंटच्या पायऱ्या झिजवा,
जुनीवरची नुसती धूळ झटकायची.
ती ऑगस्टस पेलिंगच्या वाट्याला आली.
आपलं गाव बघायला तो होडीतून निघाला.
नावाडी क्रॅस्कने वल्ही आत घेतली.
‘आलं, मायलॉर्ड. खाली बघा.’
पाणी गढूळ. पेलिंगने टोपी काढली, बराच वेळ हातात धरली.
रात्री डायरीत लिहिलं:
माझी मंडळी शांत आहे. मला थंडी वाजली.

आणि गेल्या मार्चात थियोडोरा ग्रिम्स.
आधी नर्स, मग पाद्री, गुडघे दुखणारी.
बिशपच्या सहीतून आडनाव गळतं,
त्या जागी गाव येतं.
लग्नात तिने आडनाव बदललं नव्हतं,
त्यापायी सासूने तीन वर्षं अबोला धरला होता.
आता समोर रजिस्टर.
आधी छोटा क्रॉस. मग थियोडोरा.
मग ती थांबली.
रजिस्ट्रार खोकला.
चाळीस मैलांवर भरती चढत होती,
नसलेल्या रस्त्यांवरून, नसलेल्या दारांतून,
एखाद्या रोजच्या पोस्टमनसारखी.

एल्डरहाइथ,
तिने लिहिलं.

कुणीतरी टिपकागद पुढे केला.
‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘ओलंच राहू दे जरा.’